उष्टा हात, उभी आई

नार्व्याहून मोपाच्या विमानतळाकडे निघायच्या सकाळी आईने सगळ्यांना जेवू घातलं. मला, बाबांना, धाकट्या सर्वेशला, अगदी टॅक्सीवाल्यालाही. ती स्वतः पळी हातात धरून उभी. विमानतळाच्या दारात तिने विचारलं, "पोट भरलें मगो बाय?" मी हो म्हटलं आणि बॅग ढकलत आत गेले. तिने काही खाल्लं होतं का, हा प्रश्न सुचायला मला दोन वर्षं आणि एक पत्रक लागलं.

हे मी तुमच्यासाठी लिहितेय, डिचोली-पेडण्यात राहिलेल्यांसाठी, आणि आजोबांच्या जन्मदाखल्यावर पोर्तुगीज पासपोर्ट काढून माझ्यासारख्या निघून आलेल्यांसाठीही. राग येईल. येऊ दे. पण शेवटपर्यंत वाचा.

लिस्बनमध्ये पहिला आठवडा मी वेड्यासारखी खूश होते. टेबलाला मेज, चमच्याला कुलेर, पेल्याला कोप. आमच्या स्वयंपाकघरातले शब्द इथे भर रस्त्यात भेटत होते. मग एका हॉटेलच्या किचनमध्ये काम लागलं. पाहुण्यांसाठी काटा कुठल्या हाताला, नॅपकिनची घडी कशी, पाणी कुठल्या बाजूने ओतायचं, सगळं घोटून घेतलं. आणि आम्ही? आम्ही भांडी धुवायच्या सिंकपाशी पालथ्या क्रेटवर ताटली ठेवून उभ्या उभ्या गिळायचो. दहा मिनिटं. त्यात कुणी हाक मारली तर तेही नाही.

मी पेटले. डिचोलीत कॉलेजला असताना खाणीच्या धुळीविरुद्ध पत्रकं लिहून वाटलेली होती, हात सरावलेला होताच. लिहिलं: 'उभ्याने खायला आम्ही घोडे नाही. बसून जेवू देणं हा उपकार नव्हे.' शिफ्टमधल्या सगळ्यांनी सह्या केल्या. महिन्याभरात मेज आलं, सहा खुर्च्या आल्या, अर्धा तास मिळाला. काय आनंद झाला होता म्हणून सांगू. भांडी घासणारी सेलिया, पन्नाशीची ब्राझिलियन बाई, खुर्चीत टेकली, दोन्ही तळहात मेजावर पसरले आणि सहज विचारलं, "तुझ्या घरी आई कुठल्या खुर्चीवर बसते?"

"मधल्या," मी म्हटलं.

सपशेल खोटं. आमच्या मेजाला चार खुर्च्या. एक बाबांची, एक सर्वेशची, एक माझी. चौथीवर इस्त्रीचे कपडे.

आता नीट ऐका. आजोबा होते तेव्हा आम्ही पाटावर बसायचो. ताटाभोवती पाणी फिरवून ते शितं बाजूला काढायचे, तोवर कुणी घास घ्यायचा नाही. शेवटचा माणूस जेवेपर्यंत कुणी उठायचं नाही. ताटात शीत उरलं तर ओरडा ठरलेला. आणि एक नियम सगळ्यांत कडक: उष्ट्या हाताने पळीला शिवायचं नाही आणि डाव्या हाताने तर वाढायचंच नाही. यातलं बरंच मला आजही आवडतं. एकमेकांसाठी थांबणं ही मोठी गोष्ट आहे, ती टिकायला हवी होती. पण झालं काय? पाट गेले, मेज आलं. पाण्याचं वर्तुळ गेलं, ताटाशेजारी मोबाईल आला. सर्वेश अर्ध्यात उठून रील बघत हात धुतो, त्याला कुणी काही म्हणत नाही. तो उष्ट्या हाताचा नियम तेवढा जिवंत राहिला. का, सांगते. उजवा उष्टा, डावा निषिद्ध, म्हणजे वाढायला एक माणूस न जेवता उभं हवंच. तो माणूस कोण, हे कधी कुणी विचारलं नाही. पत्रकवाल्या मीसुद्धा नाही. चोवीस वर्षं मी ताट पुढे करत आले.

गेल्या मे महिन्यात सुट्टीवर आले. दुसऱ्याच दुपारी चौथ्या खुर्चीवरचे कपडे उचलले आणि जाहीर केलं, आज आई बसणार, मी वाढणार.

"आमची पुढारीण आयली," सर्वेश म्हणाला.

आई बसली खरी, पण खुर्चीच्या कडेवर. मी भात वाढला, त्यावर माशांचं कालवण, आमचं हुमण, वाढलं, तळलेले बांगडे ठेवले. ती मात्र घास न घेता माझ्याकडेच बघत होती. "मागीर तूं केन्ना जेवतली?"

मी केव्हा जेवणार, हे मी ठरवलंच नव्हतं. मी तिचं उभं राहणं मोडलंच नव्हतं, नुसतं स्वतःकडे घेतलं होतं.

मग मी टोप आणि पळी मेजाच्या मधोमध आणून ठेवली आणि स्वतःचं ताट घेऊन बसले. चौघंही जेवायला लागलो. थोड्याच वेळात बाबांचं हुमण संपलं. पुढ्यात कोरडा भात. ते टोपाकडे बघतायत, सर्वेश बाबांकडे बघतोय, पळीला कुणी हात लावत नाही. आईची खुर्ची मागे सरकली. मी मेजाखालून तिचा पदर धरला.

"सोड गो. हांव बसल्यार वाडटलो कोण?"

बाबांनी पळी उचलली. डाव्या हाताने. थोडं हुमण मेजावर सांडलं. आणि पहिली पळी त्यांनी आईच्या ताटात रिती केली.

"दाव्या हातान? शी," आई म्हणाली.

"उजवो उश्टो आसा. मागीर दावो कित्याक दिला देवान?"

सर्वेशला ठसका लागला. आई खाली मान घालून हसली, खुर्चीत मागे टेकली आणि जेवली. सावकाश, काटे निवडत. ताट संपल्यावर बाबांना म्हणाली, "आनीक थोडें शीत वाडात."

आईला दुसऱ्यांदा भात लागतो, हे मला सव्विसाव्या वर्षी कळलं. टोपात उरेल तेवढीच तिची भूक, असं आम्ही खुशाल धरून चाललो होतो.

तेव्हा मला कुणी वळण, परंपरा, बाईची माया ऐकवू नये. ताटावरची रीत माणसाला माणसाशेजारी बसवत असेल तर ती पाळा, उठवत असेल तर मोडा, आणि आजच दुपारी मोडा.

लिस्बनमध्ये लोक विचारतात, तुझं घर कसं आहे? पूर्वी मी नदी सांगायचे, देऊळ सांगायचे, मळे सांगायचे. आता सांगते, नार्व्यात आमचं एक मेज आहे, चार खुर्च्यांचं. मी इथे असते तेव्हा त्यातल्या तीन भरलेल्या असतात.