सातेरीच्या पेटीचं दार

बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पनवेलला ठरलं आणि निडी गावातल्या आमच्या परसातली मधपेटी आठ दिवस माझ्या गळ्यात पडली. तीन वर्षं पोरीसारख्या जपलेल्या सातेरी जातीच्या मधमाश्या. "पेटी उघडू नको, नुसतं लक्ष ठेव," एवढं सांगून ते गाडीत बसले. मी पेणच्या गणपतीच्या कारखान्यात माती लावणारी. माश्यांतलं मला ओ की ठो कळत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ऊन भयंकर तापलं. बघते तर पेटीच्या दारापाशी माश्यांचा घोस लोंबतोय, आणि काही जणी जागच्या जागी पंख हलवतायत. या उठून चालल्या! बाबांना काय तोंड दाखवू?

कारखान्यात ओल्या मूर्तीला वारा लागू देत नाहीत; लागला की माती तडकते. ऊन चढलं की ओलं फडकं गुंडाळायचं, ही हाताची सवय. मी ओलं गोणपाट आणलं, दोन डंख खाल्ले आणि अख्खी पेटी दारासकट घट्ट बांधून टाकली. वर स्वतःच्या हुशारीवर खूशही झाले.

थोड्या वेळाने आतली गुणगुण चढली, आणि आतलं मेण वितळून पेटीखालून मध पाझरायला लागला. मोळी घेऊन आलेली आदिवासी वाडीवरची काकी ओरडली, "अगो, दार कशाला बांधलंस? पाणी आणून आत शिंपतात त्या, पंखांनी वारा घालतात. आत गर्दी नको म्हणून बाकीच्या भायेर बसल्या व्हत्या. पळत नाय कोण!"

तिनेच गोणपाट ओढून काढलं. सूपभर माश्या मेलेल्या निघाल्या. मग मी वर झावळ्या घातल्या, ताटलीत पाणी आणि माश्यांना बसायला खडे ठेवले आणि रोज तिथेच बसून राहिले. घास उतरत नव्हता.

बाबा डोळ्यावर हिरवी पट्टी घेऊन आले ते थेट परसात. मी सगळं सांगून टाकलं. त्यांना नीट दिसत नव्हतं, म्हणून ते पेटीला कान लावून उभे राहिले. एकदाचं ओरडावं तरी, असं मला झालं.

"निम्म्या उरल्यात," ते म्हणाले. "पण वारा घालतात." मग चाचपडत त्यांनी माझा दंड धरला, आणि तसाच धरून ठेवला.

"आणि तू? किती दिवस जेवली नायस गो?"