शेवटचं पाणी कधी आलं?

रविवारच्या वर्गात शिकलेलं माणूस सोमवारी विसरतं, पण तिथले किस्से काही केल्या विसरत नाही. माझ्या लोकप्रशासनाच्या एम.ए.च्या नोट्सना कधीच वाळवी लागली. ‘संशोधन पद्धती’ हा पेपर मात्र कुणी नुसता आठवला, तरी एकामागून एक किस्सा बाहेर येतो. वाळवीला ते आवडले नसावेत!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. जुन्नरला एका शाळेच्या खोलीत आमचा वर्ग भरायचा. बाकी सगळे नोकरदार. माझी नोकरी दोन वर्षांची होती, तिचं नाव मुक्ता! ओतूरहून तिला काखोटीला मारून मी एसटीनं यायची. एका पिशवीत दुधाची बाटली, दुसरीत वह्या आणि डोक्यात एकच भुंगा: आपल्याला हे जमणार नाही.

*

पहिल्याच तासाला सरांनी विचारलं, “गृहीतक म्हणजे काय?”

मागून दत्ताभाऊ उठला. एसटीत कंडक्टर, आवाज असा की फळा हलावा. “सर, गाडीत चढलेल्या प्रत्येकानं तिकीट काढलंय, असं धरून चालायचं, हे गृहीतक.”

“आणि संशोधन?”

“घाटात गाडी थांबवून चेकिंग!”

सरांनी ते फळ्यावर लिहून घेतलं. पुस्तकातली व्याख्या मला आजही येत नाही.

*

आमच्यात एक ग्रामसेवक होते. गावात ग्रामसेवकाला भाऊसाहेब म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणायचो. एकदा मुक्तानं बाकाखाली बसून खडू खाल्ला आणि रडायला लागली. भाऊसाहेब वैतागले. “हा एम.ए.चा वर्ग आहे का बालवाडी?”

मी पिशव्या आवरायला घेतल्या. डोळ्यांत पाणी. तेवढ्यात अंगणवाडीच्या सुपरवायझर शैलाताई म्हणाल्या, “भाऊसाहेब, तुमची दोन पोरं आत्ता कुठं आहेत?”

“घरी.”

“कोण सांभाळतंय?”

“मंडळी.”

“मग त्यांचा अर्धा एम.ए. तुमच्या नावावर कशाला? बस गं तू खाली!”

मी बसले. त्यानंतर उठले नाही.

*

प्रत्येकाला एक प्रकल्प करायचा होता. त्यात नापास म्हणजे वर्ष बुडालं. आमचे हे ज्या गावात प्राथमिक शिक्षक होते, तिथली नळयोजना मी घेतली. गावाचं नाव सांगत नाही, माणसं अजून भेटतात. भाऊसाहेबही त्याच गावचे ग्रामसेवक. त्यांनीही तोच विषय घेतला, ‘नळयोजनेची यशस्वी अंमलबजावणी’. यश आधीच ठरलेलं!

घरं निवडायला सरांनी चिठ्ठ्या टाकायला सांगितलं होतं. मी घरांच्या चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात घातल्या आणि मुक्ताला काढायला लावल्या. सरपंच बघत उभे. काही चिठ्ठ्या बौद्धवस्तीच्या निघाल्या, काही वरच्या आळीच्या. सरपंचांच्या शेजारचं एकही घर नाही.

“बाई, कुठलीबी घरं चालत्यात न्हवं?”

“हो.”

“मग मी सांगतो ती घ्या. तीबी कुठलीबीच हायेत!”

“चिठ्ठीतलीच घ्यावी लागतात.”

“लेकरानं काढल्या चिठ्ठ्या. तिला काय कळतंय?”

“काही कळत नाही, म्हणूनच तिला काढायला लावल्या!”

बोलून गेले आणि डबा उचलून चालू लागले.

*

भाऊसाहेबांनी त्यांच्या प्रश्नावल्या ओतूरच्या एका हॉटेलात बसून स्वतःच भरल्या. तीन रंगांची पेनं वापरली, म्हणजे माणसं वेगवेगळी वाटावीत! वर्गात गठ्ठा ठेवला. दत्ताभाऊनं चाळला.

“भाऊसाहेब, गाव लई एकजुटीचं दिसतंय.”

“का?”

“समद्या घरांत भजी एकाच दिवशी तळली व्हती!”

प्रत्येक कागदावर तेलाचं बोट होतं.

*

माझा फॉर्म तरी कुठे शहाणा होता? पहिला प्रश्न: कुटुंबप्रमुखाचं नाव. पहिल्याच घरी एक मावशी भाकरी थापत होत्या. नाव विचारलं तर हाताचं पीठ गालाला लागेपर्यंत लाजल्या. नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं?

“आधी तू घे!”

मी सांगून टाकलं, “अरविंद.”

“अगं बया! नुसतंच? उखाण्याबिगर?”

शेजारच्या चार जणी गोळा झाल्या. मग मावशींनी पदर सारखा केला आणि घेतलं:

“नळाच्या तोटीला चिमणीचं घर, सखारामाचं नाव घेते, हंडा डोईवर!”

हशा पिकला. मी मात्र फॉर्मकडे बघत राहिले. माझा दुसरा प्रश्न होता, ‘घरात नळ आहे का?’ मावशींचं उत्तर, “हाये की!” मी ‘होय’वर खूण करून निघणार होते. चिमणीनं मला अडवलं.

फॉर्मवर एक ओळ पेनानं वाढवली: शेवटचं पाणी कधी आलं?

मावशी म्हणाल्या, “उद्घाटनाला.”

पुढच्या घरी, “उद्घाटनाला.” बौद्धवस्तीत, “उद्घाटनाला. पाव्हण्यांच्या मोटारी गेल्या अन् पाणीबी गेलं.” वरच्या आळीत एका आजोबांना तेवढंही पटेना. “आमच्याकडं न्हाई आलं. आमी खाली जाऊन बघितलं व्हतं.”

*

बातमी माझ्याआधी घरी पोचली. सरपंचांनी ह्यांना शाळेत गाठलं. “गुरुजी, बदलीचं दिवस हायेत. बाईंना सांगा, नळ हाये एवढंच लिवा. खोटं थोडंच हाये?”

भाऊसाहेबांनीही समजावलं, “वहिनी, परीक्षक दफ्तर बघणार. दफ्तरात योजना पूर्ण आहे. कशाला वर्ष घालवता?”

ह्यांनी जेवताना विचारलं, “काय लिहिणार आहेस?”

“पाणी नाही.”

हे भाकरी मोडत राहिले. मग म्हणाले, “नीट अक्षरात लिही. तुझं अक्षर लागत नाही.”

*

तोंडी परीक्षेला पुण्याहून परीक्षक आले होते. चष्म्यावरून बघणारे. दोन्ही प्रकल्प त्यांच्यासमोर शेजारी शेजारी.

“एकच गाव. ग्रामसेवक म्हणतात घरोघरी पाणी, तुम्ही म्हणता थेंब नाही. ग्रामपंचायतीचं दफ्तर खोटं?”

मुक्ता मांडीवर माझ्या बांगड्या मोजत होती. मी म्हणाले, “दफ्तरात नळ आहेत, सर. मी पाणी विचारलं.”

“कुणाला?”

“जी भरते तिला.”

त्यांनी माझ्या फॉर्मवरची पेनानं वाढवलेली ओळ दोनदा वाचली. “बसा तिथं बाजूला,” म्हणाले आणि भाऊसाहेबांना आत बोलावलं.

भाऊसाहेब इस्त्रीचा शर्ट घालून, दफ्तर बगलेत मारून आले. बसले. दफ्तर उघडायला गेले, तर परीक्षकांनी हातानंच थांबवलं.

“राहू द्या. एकच प्रश्न आहे. शेवटचं पाणी कधी आलं?”

भाऊसाहेबांनी कोपऱ्यात बसलेल्या आमच्या सरांकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मुक्ताकडेही पाहिलं. मग रुमालानं तोंड पुसलं आणि म्हणाले,

“उद्घाटनाला, सर.”