गाडी जाग्यावरच होती

ही गोष्ट माझ्या बायकोलासुद्धा ठाऊक नाही. लग्नाला एकतीस वर्षं झाली, माझ्या मनातलं तिला न सांगता कळतं – पण हे नाही. सहा वर्षं मी हे गिळून बसलोय. मग आज तुम्हालाच का सांगतोय? कदाचित तुम्ही दस्तगीरचाचांना कधी पाहिलेलं नाही म्हणून. ज्यांनी पाहिलंय, त्यांच्यापुढं माझी जीभ रेटत नाही.

गाडीपासून सुरुवात करतो. गाडीबद्दल बोलायला मला सोपं जातं.

माझे वडील, दादा, ट्रक चालवायचे. स्वतःचा ट्रक – पुढं लांब नाक असलेला, जुन्या बांधणीचा. सोलापूरहून चादरी भरून हैदराबादला जायचे आणि येताना मिरचीची पोती आणायचे. दादा थकले तशी गाडी कुंभारीच्या आमच्या रानात बाभळीखाली उभी राहिली. ते गेल्यावर तिथंच गंजली. चाकं मातीत रुतली, केबिनमध्ये कोंबड्या अंडी घालायला लागल्या. मी बँकेत होतो, मला कुठला वेळ? नोकरी लवकर सोडली आणि मग एके दिवशी वाटलं, हिला पुन्हा रस्त्यावर आणायची.

पण आणणार कोण? असा माणूस एकच होता. दस्तगीर मिस्त्री. सोलापुरात विजापूर वेशीकडं त्यांचं एवढंसं गॅरेज होतं. दादांच्या गाडीचं इंजिन त्यांनी तीनदा उतरवून पुन्हा चढवलेलं. वय सत्तरीच्या पुढं. ड्रायव्हर लोक त्यांच्या दारात गाडी चालूच ठेवायचे. चाचा बोनेटवर तळहात टेकवायचे, डोळे मिटून ऐकायचे आणि सांगायचे, काय बिघडलंय ते. त्यांनी सांगितलं आणि खोलल्यावर दुसरंच निघालं, असं मी तरी कधी ऐकलं नव्हतं.

मी विचारायला गेलो तर म्हणाले, "तुझ्या बापाची गाडी व्हय? मग इचारतोस काय?"

चौदा महिने ते रोज सकाळच्या बसनं कुंभारीला यायचे. डबा, पाण्याची बाटली आणि खांद्यावर हत्यारांची पिशवी. रानातल्या पत्र्याच्या शेडखाली त्यांनी अख्खं इंजिन सुटं केलं, एकेक भाग रॉकेलमध्ये धुतला. जे मिळत नव्हतं ते भंगार बाजारात शोधलं, तिथंही नाही मिळालं ते स्वतः घडवलं. पाण्याचा पंप कुठल्याशा बंद पडलेल्या गाडीतून काढून इंडीहून मांडीवर घेऊन आले – बसमध्ये, लेकराला घेऊन यावं तसे.

आणि मी? मी नट पुसले. चहा केला. आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं, "गाडी तयार करतोय मी."

हे 'मी' तेव्हाच मला टोचायला हवं होतं. नाही टोचलं.

गाडी सुरू झाली त्या दिवशी चाचा रडले. मीही रडलो, पण खरं सांगू? माझ्या डोक्यात तेव्हा रविवार होता. शहरात जुन्या गाड्यांची फेरी निघणार होती आणि आमचा ट्रक त्यात सगळ्यात मोठा असणार होता. बुधवारी संध्याकाळी हात धुता धुता चाचा म्हणाले, "सुरेश, रेडिएटरची खालची नळी कच्ची हाय. शुक्रवारी नवी आणतो. तवर हिला जाग्यावरनं हलवायची न्हाय. कळलं का?"

मी 'व्हय' म्हणालो.

गुरुवारी दुपारी मी गाडी बाहेर काढली.

का काढली? काही काम नव्हतं. कुणी आजारी नव्हतं, कुणी बोलावलं नव्हतं. हिरवा रंग वाळला होता, कपाळावर पिवळ्या अक्षरात दादांचं नाव होतं, आणि चाचा शेजारी बसलेले नसताना, माझा एकट्याचा हात स्टिअरिंगवर असताना लोकांनी मला बघावं – एवढंच. बस, एवढंच.

लोकांनी बघितलं. कुंभारीच्या फाट्यावर माणसं चहाचे कप घेऊन उठून उभी राहिली. कुणी हात केला, कुणी "आरं, अण्णाची गाडी!" म्हणून ओरडलं – गाव दादांना अण्णा म्हणायचं. मी हॉर्न दिला आणि हमरस्त्याला लागलो. तिथंच कुठंतरी इंजिनच्या पाण्याची उष्णता दाखवणारा काटा चढलेला दिसला. मग जळका, गोडसर वास यायला लागला.

तेव्हा गाडी थांबवायची असते. हे मला कळत होतं – ड्रायव्हरच्या पोटी जन्मलोय मी. पण मागं तीन मोटरसायकली येत होत्या, पोरं मोबाईलवर माझा व्हिडिओ काढत होती. नव्या रंगाची गाडी पहिल्याच दिवशी धूर ओकत रस्त्याकडेला उभी करायची? मी वळवली आणि तशीच दामटत घरी आणली. शेवटचे तीन-चार किलोमीटर काटा लाल पट्टीच्या पार टोकाला टेकलेला होता. शेडमध्ये आल्यावर बोनेट उघडलं, तर नळी फाटून लोंबत होती आणि रेडिएटरमध्ये पाण्याचा थेंब नव्हता.

इंजिन गार होईस्तोवर मी समोर बसून राहिलो. मग नळीवर चिकटपट्टी गुंडाळली, पाणी भरलं, सांडलेलं पुसलं. चाकांची धूळसुद्धा पुसली. इतका विचार करून मी आयुष्यात दुसरं काही केलं नसेल.

शुक्रवारी चाचा आले ते नळी घेऊन. मीच पुढं होऊन जुनी नळी काढली आणि बांधापलीकडं फेकली. नवी बसली, गाडी सुरू केली. चाचांनी बोनेटवर हात ठेवला. डोळे मिटले. खूप वेळ ऐकत राहिले.

"आवाज जड येतोय," ते म्हणाले.

आता ऐका, मी काय म्हणालो ते. मी हसलो. म्हणालो, "चाचा, गाडी तीच हाय. कान म्हातारं झालं तुमचं."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, पुन्हा इंजिनकडं पाहिलं. "आसंल बाबा," म्हणाले आणि बोनेट लावलं.

रविवारी ते पांढराशुभ्र सदरा घालून, डोळ्यांत सुरमा लावून माझ्या शेजारी बसले होते. अर्धा रस्ता गाडी नीट आली. मग ठोक्यांचा आवाज सुरू झाला, वाफ उठली, आणि भर चौकात, दोन्ही बाजूंना माणसं उभी असताना, इंजिन जाम झालं. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. चाचा उतरले. गरम बोनेट उघडताना हात भाजला तरी त्यांनी मागं घेतला नाही. गर्दीत एक तरुण मिस्त्री होता, लांबूनच म्हणाला, "दस्तगीरचाचाचा हात गेला आता. म्हाताऱ्याला कशाला द्यायचं काम?" माझ्यापर्यंत ऐकू आलं. त्यांनाही आलंच असणार. ओढून नेण्यासाठी दुसरी गाडी आली तेव्हा सदऱ्यावर कोपरापर्यंत काळं झालेलं होतं.

दोन दिवसांनी त्यांनी शेडमध्ये इंजिन उघडलं. हेड वाकलेलं होतं, पिस्टन खरवडले गेले होते. कितीतरी वेळ ते पिस्टनवरून अंगठा फिरवत बसले. मग वर न बघता विचारलं, "सुरेश, गाडी भाईर काढली हुतीस का रं? पाण्याबिगर चालल्यासारखी दिसतीय."

आवाजात राग नव्हता. मी हो म्हणालो असतो तर काय झालं असतं? शिवी दिली असती, चार दिवस बोलले नसते, पाचव्या दिवशी हत्यारं घेऊन बसनं आले असते. हे मला तेव्हाही माहीत होतं.

"न्हाय चाचा," मी म्हणालो. "गाडी जाग्यावरच होती."

"मग माझ्याच हातनं ऱ्हायलं काहीतरी," ते म्हणाले.

खोटं एवढंच. तीन शब्द. पण त्या माणसानं त्यावर विश्वास ठेवला. जग काय बोललं त्याचं त्यांना फारसं काही नव्हतं – पण त्यांनी स्वतःच मानलं की आपले हात गेले, कान गेले. महिन्याभरात गॅरेजला कुलूप लागलं. गाडी घेऊन कुणी आलंच तर परत पाठवायचे. "नको बाबा, माझ्या चुकीनं कुणाचा तरी जीव जायचा." हत्यारं ओळखीच्या मिस्त्रींना वाटून टाकली. मग दारात खुर्ची टाकून बसून असायचे, हात मांडीवर उपडे ठेवून. समोरून ट्रक गेला की मान दुसरीकडं वळवायचे.

मी जायचो त्यांच्याकडं. हो, जायचो. ईदला शिरखुर्मा खायचो. दर वेळी ठरवून जायचो, आज सांगायचं. दर वेळी ते तेच विचारायचे, "मला आवाज जड आलता की रं. मग मी गप का बसलो?" आणि दर वेळी मी कपबशीकडं बघत राहायचो. अशी चार वर्षं. चार वर्षांत किती दुपारी होत्या मला?

दोन वर्षांपूर्वी चाचा गेले. कबरीवर मीही माती टाकली.

गाडीचं इंजिन मी पुण्याहून करून आणलं. ती आता छान चालते. गेल्या महिन्यात चाचांच्या नातीचं लग्न झालं. त्यांचा मुलगा म्हणाला, अब्बांच्या हाताची गाडी आहे, सामान तिच्यातूनच जाऊ दे. कपाट, पलंग, भांडी चढली. चाची काठी टेकत केबिनपाशी आल्या. खिडकीतून हात आत घालून त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवला.

"सब लोगां बोले उनकू," त्या म्हणाल्या. "एक तुमीच कब्बी कुच नै बोले. अल्ला तुमकू खुश रखे."

त्यांचा हात डोक्यावरून निघेपर्यंत मी थांबलो. मग गाडी सुरू केली.