फिटरकाकांचा उजवा कान

आमच्या सिल्वासाच्या कारखान्यातले फिटरकाका चालू मशीनला स्क्रूड्रायव्हर टेकवतात, त्याची मूठ उजव्या कानाला लावतात नि सांगतात, "बेअरिंग गेलं." मी अंगठेबहाद्दर हमाल. मी लावला, तर माझंच पोट गुरगुरताना ऐकू आलं.

त्याच कानाच्या आत आता गाठ निघाली. ऑपरेशन केलं तर गाठ जाईल, पण ऐकू येणंही बंद होईल. रेडिएशन घेतलं तर ऐकू येणं काही वर्षं टिकेल, पण गाठ आतच राहील.

मी म्हटलं, "काका, कान ठेवा."

"खराब पार्ट मी मशीनमध्ये कधी ठेवला का रे? काढूनच टाकतो."

सुट्टीवर जाण्याआधी त्यांनी एकेक मशीन ऐकलं. मग स्क्रूड्रायव्हर माझ्या छातीला टेकवला.

"काय काका, बेअरिंग गेलं ना?"

"गप रे," ते म्हणाले, "जरा ऐकू दे."