गाडीला कुंकवाचं मेण

आमच्या पहिल्या गाडीला मी एकदा कुंकवाचं मेण लावलं होतं. थोडंथोडकं नाही, टपापासून चाकापर्यंत.

(टिकलीच्या पिढीसाठी खुलासा: कोरडं कुंकू कपाळावर टिकत नाही. म्हणून पूर्वी आधी बोटाने मेणाचा गोल ठिपका लावायचा आणि त्यावर कुंकू टेकवायचं. मग ते दिवसभर तसूभर हलत नसे. हे मेण घरीच करत, मधाच्या पोळ्याचं मेण खोबरेल तेलात पातळ करून. हा खुलासा नीट लक्षात ठेवा. मी ठेवला असता तर पुढचं काही घडलं नसतं.)

गोष्टीला तीसेक वर्षं झाली. मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होते. या वयापर्यंत बाईला अक्कल येते असा एक समज आहे, आणि माझा त्यावर फार विश्वास होता.

गाडीचं महत्त्व आमच्या घरात जरा वेगळं होतं. माझे सासरे मालवणहून मुंबईला आले ते गिरणीत लागायला, आणि लागले अंधेरीच्या एका शेठकडे ड्रायव्हर म्हणून. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्याची गाडी पुसली. आमचे हे लहानपणी त्या गाडीत बसले ते फक्त एकदा, गेटपासून गॅरेजपर्यंत, तेही शेठ बाहेरगावी असताना. त्यामुळे पन्नाशीला आल्यावर ह्यांनी स्वतःची गाडी घेतली, तेव्हा ती घरात नाही, देव्हाऱ्यातच आल्यासारखी आली. गडद निळी. चारकोपच्या आमच्या सोसायटीत सोनमोहराच्या झाडाखाली ती उभी राहिली आणि हे रोज सकाळी हात मागे बांधून तिच्याभोवती फिरू लागले. आठ दिवस झाले तरी ह्यांनी गाडीला दाराच्या मुठीपलीकडे हात लावला नव्हता. प्रदक्षिणा घालणारा माणूस गाभाऱ्यात शिरतो का?

सासूबाईंनी मात्र एक मागणी केली होती. रविवारी संध्याकाळी पाच वाजता त्यांना गाडीतून अंधेरीच्या शेठच्या बंगल्यावरून न्यायचं. थांबायचं नाही, उतरायचं नाही, नुसतं समोरून जायचं. सासरे जाऊन बारा वर्षं झाली होती आणि बारा वर्षांत या बाईने स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं. वर एक अट होती.

“हे पुसायचे तेव्हा शेठच्या गाडयेत तोंड दिसायचा,” त्या म्हणाल्या. “आपल्या गाडयेत माझा तोंड दिसाक होया. तेवाच मी बसतलंय.”

रविवारी ह्यांची विक्रोळीच्या कारखान्यात पहिली पाळी होती. पहाटे निघताना मला सांगून गेले, साडेचारला येतो, तोवर ओल्या मऊ कपड्याने गाडी पूस. दारातून परत आले आणि म्हणाले, “नुसती पूस, शालन. बाकी काही करू नकोस.”

आता मला सांगा, लग्नाला पंचवीस वर्षं झालेल्या बाईला ‘बाकी काही करू नकोस’ असं सांगणं म्हणजे मांजराला दुधाच्या राखणीला बसवण्यासारखं नाही का?

कारण शोरूममधला माणूस गाडी ताब्यात देताना जे बोलला होता ते माझ्या डोक्यात बसलं होतं. वॅक्स करा, वहिनी. वॅक्सचा थर असला की रंगाला ऊन लागत नाही, पाणी लागत नाही, चकाकी टिकते. वॅक्स म्हणजे मेण, एवढं इंग्रजी मला येत होतं. आणि मेणातलं मला काय शिकवणार? सासूबाईंचा पितळी करंडा सासऱ्यांच्या पश्चात माझ्याकडेच आला होता, अर्ध्या मेणासकट. ते पुरणार नाही, हे ओळखण्याइतकी मी हुशार होते. म्हणून काष्ठौषधींच्या दुकानातून शनिवारीच मेणाची भलीमोठी ढेप आणून ठेवली होती. दुकानदाराने विचारलं, एवढं कशाला? मी म्हटलं, घरात कार्य आहे.

सासूबाई सकाळी भजनी मंडळाला गेल्या आणि मी पातेलं चढवलं. मेण विरघळलं, त्यात अख्खी बाटली खोबरेल ओतलं, घरभर असा वास सुटला, की वाटावं शेजारी कुणीतरी केस सोडून तेल चोळत बसलंय. खाली जाऊन गाडी धुतली, पुसली, आणि धिरड्याला तेल लावायच्या ब्रशने कोमट मेण लावायला घेतलं. कुणी हात धरला नाही. तळमजल्यावरच्या जाधववहिनींनी खिडकीतून विचारलं, वहिनी, तेल का लावताय? मी म्हटलं, शोरूमची पद्धत आहे.

नऊ वाजता गाडी काय दिसत होती, आहाहा! बॉनेटमध्ये मला माझं तोंड दिसलं. तोंडावरचं समाधानही दिसलं. मी घरी येऊन चहा केला आणि बिस्किटं बुडवून खाल्ली. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत यशस्वी पाऊण तास असेल.

दहाला ऊन झाडाच्या फांद्यांमधून खाली उतरलं आणि मेण मऊ पडलं. त्याच सुमारास जाधवांचा सुतार आपली फळी घेऊन बाहेर आला. त्यांच्या घरी कपाटाचं काम चालू होतं, आणि घरात भुसा नको म्हणून वहिनींनी त्याला अंगणात बसवला होता. तो घासू लागला. वारा आमच्या गाडीकडे होता. वरून सोनमोहराने पिवळी फुलं सोडायला सुरुवात केली. मी खिडकीतून पाहिलं तेव्हा आमची निळी गाडी रव्यात घोळवलेल्या बांगड्यासारखी दिसत होती. फक्त तव्यावर टाकायची बाकी.

मी धावत खाली गेले. फडका मारला, तर भुसा निघायच्या ऐवजी आत गेला. तेवढ्यात जाधवांच्या बोक्याला बॉनेट उबदार वाटलं असावं. तो चढला, बसला, आणि उठायला गेला तेव्हा त्याला काहीतरी वेगळं जाणवलं. माझ्याकडे एक नजर टाकून तो उडी मारून गेला, पण त्याची बसायची जागा केसांसकट बॉनेटवरच राहिली.

इथे शहाण्या बाईने थांबून विचार केला असता. मी विचार केला नाही, मला आठवण झाली. अंगावरचं तेल कशाने जातं? डाळीच्या पिठाने! लग्नाआधी नवरीला न्हाऊमाखू घालतात ते काय उगाच? घरातलं सगळं बेसन मी बादलीत कोमट पाण्यात कालवलं आणि गाडीला चोळलं.

अंगाला लावलेलं पीठ निघतं, कारण अंग हलतं. गाडी हलत नाही. ऊन मात्र तिच्यावर सरळ पडतं. पंधरा मिनिटांत बेसन वाळलं. भुशावर बेसन, बेसनावर फुलं, आणि त्यावर समोरच्या इमारतीवरची सगळी कबुतरं, कारण अशी पंगत त्यांना चारकोपमध्ये पूर्वी कुणी मांडली नव्हती. जाधववहिनी खिडकीतून म्हणाल्या, “वहिनी, अजून शोरूमचीच पद्धत चाललीय ना?”

मी काठीने कबुतरं हाकत होते, तेव्हा सासूबाई टाळांची पिशवी घेऊन फाटकातून आत आल्या. गाडीसमोर उभ्या राहिल्या. एका बोटाने थोडं खरवडलं, वास घेतला आणि ओळखलं.

“मेण कित्याक लावतत गो?” त्यांनी शांतपणे विचारलं.

“कुंकू चिकटायला,” मी म्हटलं.

“मगे? गाडयेक तुका काय चिकटवूचा होता?”

मला त्यांच्यासमोर रडू आलं, पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच. आणि ते गाडीसाठी नव्हतं. पाच वाजता या बाईला बंगल्यावरून जायचं होतं, आणि त्यांनी मागितलेली एकुलती एक गोष्ट मी बेसनात घोळून ठेवली होती.

त्यांनी टाळांची पिशवी माझ्या हातात दिली. वर गेल्या आणि ट्रंकेतून एक पिवळा फडका घेऊन आल्या. धुऊन धुऊन सायीसारखा मऊ झालेला. दुसऱ्या हातात रॉकेलची बाटली. स्टुलावर बसल्या आणि मला शिकवू लागल्या. आधी पाणी ओतून पीठ भिजू द्यायचं, घासायचं नाही. मग फडक्यावर रॉकेलचे थेंब, एका वेळी एका तळव्याएवढी जागा, आणि लगेच साबणाचं पाणी. सासरे नव्या डांबराचे डाग असेच काढायचे म्हणे. सत्तेचाळीस वर्षांच्या बाईचे कान किती लाल होऊ शकतात हे मला त्या दिवशी कळलं. गाडी तळव्यांमध्ये मोजली तर केवढी प्रचंड असते, हेही.

साडेचारला हे आले तेव्हा आमचं टप आणि बॉनेट पुसून झालं होतं. दरवाजे आणि मागची बाजू अजून भज्यांच्या पिठात होती. हे फाटकातच थांबले. हातातला डबा त्यांनी हळूच खाली ठेवला. मी ओळखलं, आता पंचवीस वर्षांचं व्याजासकट येणार. ह्यांनी तोंड उघडलं.

“शालन, मी तुला सांगून...” आणि ह्यांची नजर माझ्या हाताकडे गेली. “हा बाबांचा फडका आहे?”

सासूबाई स्टुलावरून म्हणाल्या, “ह्यो फडको शेठच्या गाडयेर तीस वर्सां फिरलो. घरच्या गाडयेर आज पयल्यांदाच फिरता हा. आता तुका काय बोलाचा ता बोल.”

ह्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या, माझ्या हातातून फडका घेतला आणि दरवाजा पुसायला लागले. आठ दिवसांत पहिल्यांदा ह्यांनी गाडीला तळहात लावला. आधी भीत भीत, मग सरावाने, मग माझ्या लक्षात आलं की हे अगदी सासऱ्यांसारखा, कोपर उचलून गोल गोल फडका फिरवताहेत. कुणी शिकवलं असेल? गॅरेजच्या दारात उभं राहून पाहिलं असणार. मी मागच्या बाजूला जाऊन डोळे पुसले. (रॉकेलच्या हाताने. ते वेगळंच प्रकरण झालं.)

पाच वाजून गेले, सहा वाजले. मागची बाजू पूर्ण निघाली नव्हती तेव्हा सासूबाई उठल्या, बॉनेटवर वाकल्या, तोंड पाहिलं, पदर सारखा केला. ह्यांनी अदबीने मागचं दार उघडलं.

“मागे शेठाणी बसता,” त्या म्हणाल्या. “मी डायवराची बायल. मी फुडे बसतलंय.”

मागे मी बसले. बंगल्याच्या गेटसमोर ह्यांनी गाडी अगदी हळू केली. थांबायचं नाही असं ठरलं होतं, पण गाडी थांबली. (हे म्हणतात गियर चुकला.) वॉचमन उठून आला, मागच्या पिवळ्या बाजूकडे पाहून त्याने विचारलं, गाडीला काय झालंय?

सासूबाईंनी काच खाली केली. “हळद लागलीहा,” म्हणाल्या. “लगीन असा.” आणि काच वर केली. परतीच्या वाटेवर त्या मालाडपर्यंत हसत होत्या, आणि मध्ये एकदा त्यांनी डॅशबोर्डवरून हात फिरवला.

ती गाडी आम्ही चौदा वर्षं वापरली. विकायला काढली तेव्हा तिचा निळा रंग उन्हाने पार विटला होता. घेणाऱ्याने मागची नंबरप्लेट काढली, आणि तिच्याआड, जिथे आमचा फडका पोचलाच नव्हता, तिथे मेणाचा पिवळा थर निघाला. तो खरवडला तर आतला रंग शोरूममधून आल्यासारखा गडद निळा. वर सोनमोहराची एक पाकळी, तीही शाबूत. ह्यांनी त्या निळ्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, “उगाच पुसली आपण.”

मागच्या आठवड्यात माझ्या नातीने, सईने नवी गाडी घेतली. काळी कुळकुळीत. रंगाला काही होऊ नये म्हणून तिने कसलासा काचेसारखा थर देऊन घेतलाय. मी तिला प्रेमाने म्हटलं, बाळा, त्यापेक्षा माझ्याकडे एक खात्रीचा उपाय आहे, चौदा वर्षं टिकलेला. तिने ऐकून घेतलं, गोड हसली, आणि घरातल्या खोबरेल तेलाच्या दोन्ही बाटल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं.

आठ दिवस झाले. गाडी चकचकीत आहे. माझे केस मात्र पार कोरडे पडलेत.