बारशाआधीची मुलं

त्र्यंबकराव फणसे हे कल्याणातले पहिले विमागणिती होणार होते. निदान तीन वर्षं ते तसं सांगत होते. कुठल्या वयाची माणसं हजारात किती मरतील, याचा आधीच हिशेब काढून ठेवणं ही त्यांची विद्या. घरात कोणी आजारी असलं, की त्यांना येताना बघून लोक दार ओढून घेत, आणि हा आपला मान आहे असं त्यांना वाटे.

मुंबईच्या एका विमा कंपनीतला गोरा साहेब त्यांना शिकवी. पहिलं वर्ष विलायतेतल्या मरणाचे तक्ते नकलायचे, दुसरं वर्ष ते पडताळायचे, तिसऱ्या वर्षी परीक्षा. ते साल अठराशे शहाऐंशी. रेल्वेच्या कामगारांच्या बायकामुलांसाठी आजारपणाचा आणि क्रियाकर्माचा विमा काढायचं कंपनीच्या मनात होतं. त्यासाठी कल्याणच्या आसपास पाच वर्षांखालची मुलं किती जातात, याचा तक्ता त्र्यंबकरावांनी करायचा. तक्ता कसोटीला उतरला तर विमागणित्याचा दाखला. नाही तर पुन्हा मामलेदार कचेरीत नकला करणं, आणि ती नोकरी तर ते चारचौघांत मामलेदाराचा पाणउतारा करून सोडून आले होते.

चार महिने पगडी, छत्री आणि छापील कागद घेऊन ते ठाकुर्लीपासून दिव्यापर्यंत हिंडले. दिव्याला मिठागरावरच्या काळुरामला त्यांनी विचारलं, "मुलं किती झाली?"

"च्यार."

"गेली किती?"

"येक बी नाय. देवाची किरपा."

मागे त्याची बायको सगुणा तांदूळ पाखडत होती. तिला कोणी विचारलं नाही. त्र्यंबकरावांनी शून्य लिहिलं. शून्य ते फार सुबक काढत.

तीनशे घरांचा तक्ता बघून साहेब हसला. "तुमच्या दिव्याची मुलं लंडनच्या मुलांपेक्षा जास्त जगतात. माझीही तिकडेच पाठवतो. चूक शोधा. आठ दिवस देतो."

सहा दिवस त्र्यंबकरावांनी गुणाकार तपासले. एक आकडा चुकलेला नव्हता. शिकलेल्या माणसाची चूक गुणाकाराबाहेर असू शकते, हे काही त्यांच्या पगडीत शिरेना. सातव्या दिवशी सकाळी, हात चालता ठेवावा म्हणून, त्यांनी एक कोरा कागद घेतला आणि आपल्याच घराची माहिती मोठ्यानं वाचत भरायला घेतली.

"झालेली मुलं, दोन. गेलेली, शून्य."

त्यांची बायको गोदा भाजी चिरत होती. तिची विळी थांबली. "शून्य?"

"मग?"

"आपली दोन गेली की. एक नवव्या दिवशी, एक चौथ्या."

"अगं, बारशाआधी गेलेलं मूल मोजत नाहीत. नाव नाही, गाव नाही."

"कोण मोजत नाही?"

"कोणीच मोजत ना..."

आणि ते उठून उभे राहिले. "सापडली! अगं, चूक सापडली!" पगडी वाकडीच घालून ते बाहेर पडले. गोदेच्या तोंडाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. एवढं सांगतानासुद्धा मला त्या माणसाचा राग येतो.

साहेबाकडून आणखी चार महिने मागून घेऊन त्यांनी पुन्हा तीच घरं धरली. या खेपेला त्यांनी कमळाबाई सुइणीला बरोबर घेतलं आणि पुरुषांना सोडून बायकांना विचारलं. सगुणानं बोटं मोजली नाहीत, वर पाहिलं नाही. "सात. तीन गेली," ती लगेच म्हणाली. तीनशे घरांत एकाही बाईला आठवावं लागलं नाही.

तक्ता कसोटीला उतरला, दाखला मिळाला. साहेबानं पाठ थोपटली आणि पास झालेल्या विमागणित्याला पहिलं काम सांगितलं. एवढी मुलं जात असतील तर विमा कंपनीला परवडायचा नाही. तेव्हा नियम लिहा, की वर्ष पुरं झाल्याशिवाय मूल विम्यात धरू नये. त्र्यंबकरावांनी तो नियम सुवाच्य अक्षरात लिहिला आणि पेढे घेऊन घरी आले.

गोदेनं दाखला देवापुढे ठेवला, हळदकुंकू वाहिलं. मग पाठ वळवूनच तिनं विचारलं, "आपली दोन मोजली ना आता त्यांनी?"

"मोजली."

"मग?"

त्र्यंबकरावांनी पेढ्याचा पुडा खाली ठेवला. "मोजून वगळली," ते म्हणाले. "मीच."