दुर्बिणीच्या कड्या आणि अक्कांचे अण्णा

आधी माफी मागते. मी लिहिणाऱ्या घरातली नाही. आमच्या घरात आजवर जे काही लिहिलं गेलं ते मापाच्या वहीत. माझे वडील बार्शीजवळच्या एका गावात शाळेचे गणवेश शिवतात आणि त्यांच्या लिखाणाला छाती, कंबर आणि बाही यांपलीकडे विषय नसतो. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, तीही इतक्या लांब बेंगळुरूला. त्यामुळे एखाद्या जित्याजागत्या माणसाबद्दल चार पानं लिहावीत एवढा अधिकार मला आहे की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ज्यांच्याबद्दल लिहिते आहे ते घरात मराठी बोलतात पण वाचतात फक्त कन्नड, तेवढाच काय तो धीर आहे.

तर माझं म्हणणं असं, की बंदुकांच्या संगतीत सगळा जन्म काढून बंदुकीच्या आवाजाला इतका घाबरणारा माणूस या पृथ्वीवर दुसरा नसेल. जयनगरमधल्या ज्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत मी तीन वर्षं राहिले, त्या घराच्या मालकीणबाईंना सगळी गल्ली अक्का म्हणते, आणि त्यांचे थोरले भाऊ ते अण्णा. दोघांची चौथी पिढी इथली. अण्णांचं शिवाजीनगरला एक दुकान आहे, एका बाजूला घड्याळवाला आणि दुसऱ्या बाजूला शिलाई मशीन दुरुस्त करणारा, मध्ये एक माणूस तिरका होऊन शिरेल एवढी फट, ती अण्णांची. तिथे ते बंदुका विकत नाहीत आणि दुरुस्तही करत नाहीत. रायफलीच्या पाठीवर दुर्बीण बसवून देणं एवढंच त्यांचं काम. दुर्बीण ज्या दोन कड्यांत धरली जाते त्या कड्या आणि त्या कड्या ज्या पट्टीवर बसतात तो माऊंट, एवढ्यात त्यांचं विश्व सुरू होतं आणि संपतं. स्वतः त्यांनी आयुष्यात बार काढलेला नाही. दिवाळीत पहिला फटाका वाजला की कानात कापूस घालून ते देवघरात जाऊन बसतात. अक्का म्हणतात, "आमचा अण्णा म्हणजे पोहता न येणारा नावाडी."

पण कड्यांचा विषय निघाला की हा भित्रा माणूस सरन्यायाधीश होतो. कोरमंगलाहून एकदा एक आयटीतला तरुण आला. हातात परदेशी दुर्बीण, अशी भारी की तिचा डबासुद्धा तो दोन्ही हातांनी धरत होता. कड्या मात्र ऑनलाइन मागवलेल्या, अगदी पातळ पत्र्याच्या. अण्णांनी दुर्बिणीकडे बघितलंच नाही. कडी नखाने वाजवली, कानाशी नेली आणि परत देत म्हणाले, "राजाला आणलास, बरं केलंस. पण बसवणार कशावर? बारदानावर?" तो म्हणाला, "अंकल, लेकिन रिव्ह्यू अच्छे थे." अण्णा म्हणाले, "मग रिव्ह्यूवर बसव." तो रागावून गेला आणि आठवड्याने चांगल्या कड्या घेऊन परत आला. असे रागावून जाणारे आणि परत येणारे हेच त्यांचं गिऱ्हाईक.

रायफली त्यांना जनावरांसारख्या दिसतात. पॉइंट टू टू, म्हणजे छोट्या गोळीची रायफल, ही त्यांच्या लेखी गरीब गाय, कुठल्याही बऱ्या कड्या घाला, तक्रार नाही. मोठी रायफल म्हणजे रेडा, तिला पोलादी माऊंट हवा आणि चार स्क्रू हवेत, नाहीतर दुसऱ्या बाराला दुर्बीण कपाळावर येते. आणि सगळ्यांत कपटी कोण, तर दिसायला खेळण्यासारखी असणारी स्प्रिंगची एअर रायफल. "ही दोनदा लाथ मारते बघ," अण्णा मला समजावत. "एकदा मागे आणि लगेच एकदा पुढे. कड्या सरकत सरकत मागे जातात, माणसाला पत्ता लागत नाही. तिला एकसंध माऊंट पाहिजे आणि मागे खुंटी पाहिजे." मी एकदा भीत भीत विचारलं की सगळ्यांना एकच भक्कम माऊंट का नाही बनवत. त्यांनी हातातली कडी खाली ठेवली. मग म्हणाले, "तुझे बाबा सगळ्या पोरांना एकच शर्ट शिवतात का?" तेव्हापासून आमचं जमलं.

कूर्गकडचे लोक आजोबा-पणजोबांच्या रायफली घेऊन येत. अशाच एका जुन्या रायफलीवर माऊंट बसवायचा तर वरच्या लोखंडाला भोकं पाडावी लागणार होती. अण्णांनी हात जोडले. "आजोबांच्या डोक्याला भोक पाडू? मी नाही बा." मालक म्हणाला, आजोबा वारून तीस वर्षं झाली. "रायफल वारली नाही ना," अण्णा म्हणाले आणि त्याला कॉफी पाजून तसाच परत पाठवला.

दुर्बिणीतली उभी रेघ सरळ आहे की नाही हे बघायला ते समोरच्या भिंतीवर दोरा सोडत आणि दोऱ्याला वजन म्हणून अक्कांच्या खलबत्त्यातला पितळी बत्ता बांधत. घरी वेलदोडे कुटायची वेळ आली की अक्कांचा फोन दुकानात. "अण्णा, बत्ता!" अण्णा म्हणत, "स्वल्प थांब, रेघ लटकली आहे." स्वल्प म्हणजे थोडं, पण अण्णांचं स्वल्प पाऊण तासाचं असे. अक्कांनी शेवटी दुसरा बत्ता आणला. तोही दुकानात गेला.

स्क्रू आवळायची त्यांची पद्धत सगळ्या जगाला लागू होती. एक बाजू पाव फेरा, मग समोरची पाव फेरा, मग परत पहिली. एका बाजूने जोर केला की कडी दुर्बिणीच्या नळीला चावते, असं ते म्हणत. अक्कांच्या पुतणीला बघायला मुलगा आला तेव्हा अण्णांनी त्याला नोकरी विचारली नाही की घर विचारलं नाही. कुकरची सुटलेली मूठ आणि स्क्रूड्रायव्हर त्याच्यापुढे ठेवला. मुलाने बिचाऱ्याने एक स्क्रू करकचून आवळला, मग दुसऱ्याकडे वळला. पाहुणे गेल्यावर अण्णा म्हणाले, "नको. एक बाजू पुरी आवळून मग दुसरीकडे बघतो. बायको आणि आई यांच्यात पण हेच करणार." पुतणीने त्याच मुलाशी लग्न केलं आणि ती दोघं सुखात आहेत. अण्णा म्हणतात, अजून वेळ गेलेली नाही.

या सगळ्यांहून कडक नियम एक होता. माणूस बघितल्याशिवाय दुर्बीण बसवायची नाही. गिऱ्हाइकाला ते स्टुलावर बसवत, रिकामी रायफल खांद्याला लावायला सांगत आणि म्हणत, "डोळे मीट. गाल ठेव, घरच्या उशीवर ठेवतोस तसा. आता उघड." डोळे उघडल्यावर पूर्ण गोल दिसला पाहिजे. कडेला काळी कड दिसली तर दुर्बीण सूतभर पुढे, सूतभर मागे. "मानेनं दुर्बिणीकडे जायचं नाही. दुर्बिणीनं मानेकडे यायचं."

हा नियम मोडला तो माझ्यामुळे.

माझ्या शेवटच्या परीक्षेच्या आधी एका शनिवारी मी अण्णांचा डबा द्यायला दुकानात गेले होते. कूर्गचे एक गृहस्थ बसले होते, कॉफीच्या मळ्यावर कारकून. त्यांच्या मुलीची राज्याच्या संघासाठी निवड स्पर्धा होती, दुर्बीण लावलेल्या एअर रायफलीची, आणि स्पर्धा आठवड्यावर आलेली. जुना माऊंट सरकत होता म्हणून ते रायफल घेऊन पहाटेच्या बसने आले होते. मुलीचा त्या दिवशी बारावीचा पेपर होता, ती येऊ शकली नव्हती. अण्णा नाही म्हणाले. गृहस्थ रायफलीची पिशवी बांधायला लागले, आणि त्यांचे हात बघून मला माझे वडील आठवले. मी म्हणाले, "अण्णा, तिच्याएवढीच कुणीतरी बसली तर?" गृहस्थांनी मला खालून वर बघितलं. "हीच, साहेब. उंची हीच, मान हीच."

अण्णांनी कान खाजवला. मग म्हणाले, "सरी," म्हणजे ठीक, "बस स्टुलावर."

माऊंट त्यांनी उत्तम निवडला, एकसंध, मागे खुंटीचा. मग मला म्हणाले, डोळे मीट. मी मिटले. गाल ठेवला. उघडले तर गोलाभोवती जाड काळी कड. आता इथे खरं सांगायचं म्हणजे नुसतं "नाही दिसत" एवढंच म्हणायचं होतं. पण मला ते कधी जमलेलंच नाही. वर्गात फळा दिसला नाही तरी मी मान डोलावत आले आहे. नवख्या ठिकाणी सगळ्यांना सगळं दिसतं आणि आपल्यालाच दिसत नाही असं वाटतं, आणि मग तोंड उघडत नाही. मी हळूच मान पुढे काढली, दोन बोटं. कड गेली.

"दिसतंय?"

"दिसतंय."

अण्णांनी पाव-पाव फेऱ्याने स्क्रू आवळले आणि शेवटच्याला म्हणाले, "साकु," म्हणजे पुरे. गृहस्थ संध्याकाळच्या बसने गेले.

पुढचे चार दिवस मला अन्न गोड लागलं नाही. पाचव्या दिवशी अण्णा अंगणात कॉफी पीत असताना मी सांगून टाकलं. मान, दोन बोटं, सगळं. अण्णांनी पेला खाली ठेवला. मला वाटलं आता ओरडतील.

"तू खोटं बोललीस ते राहू दे," ते म्हणाले. "मी डोळ्यांनी बघायचं सोडून कानांनी ऐकलं. चूक ती."

त्यांनी अक्कांच्या मोबाइलवरून कूर्गला तीन वेळा फोन लावला. स्पर्धेच्या गावाला बापलेक आधीच निघून गेले होते, फोन लागेना. आणि स्पर्धा होऊन गेल्यावर त्यांनी फोन करणं सोडलं. निकाल गिऱ्हाइकाला आपण विचारायचा नाही, ही त्यांची जुनी रीत. "नेम त्यांचा, कड्या माझ्या. विचारलं की शाबासकी मागितल्यासारखं होतं." अक्का म्हणाल्या, "शाबासकी कसली, शिव्या मागायच्या आहेत ना तुला?" अण्णा म्हणाले, "त्या पण मागायच्या नसतात. द्यायच्या तर ते देतील."

दोन आठवडे गेले. अण्णा दुकानात जात, पण आलेल्याला म्हणत, आज नको. दोन्ही बत्ते घरी परत आले, ते बघून अक्का खऱ्या घाबरल्या. जेवताना अण्णा एकदाच बोलले, "ती माझ्यामुळे हुकली असेल तर पाना ठेवून देतो मी. माणूस न बघता माप घेणाऱ्यानं दुकान उघडं ठेवू नये." अक्का म्हणाल्या, "आणि घरात बसून काय करशील? माझ्या कुकरच्या मुठी आवळशील?" कुणी हसलं नाही, अक्कासुद्धा नाही.

माझी परीक्षा संपली. रविवारच्या गाडीचं तिकीट काढलं होतं, सामान बांधून झालं होतं. शुक्रवारी दुपारी अक्का चित्रान्नाच्या भाताला फोडणी देत होत्या आणि त्यांचा मोबाइल वाजला. त्यांनी हात पुसले, नाव बघितलं आणि फोन स्पीकरवर टाकून अण्णांपुढे ठेवला. कूर्गच्या गृहस्थांनी आधी उशिराबद्दल माफी मागितली. मळ्यावर झाड पडून तारा तुटल्या होत्या. मग म्हणाले, "सातवी आली, साहेब. संघात सहा घेतले."

फोडणी करपायला लागली होती, मी गॅस बंद केला.

"पोरीला द्या जरा," अण्णा शेवटी म्हणाले. आणि ती आल्यावर, "काळी कड दिसत होती का ग तुला?"

"दिसत होती अण्णा. पहिल्या फेरीत."

"मग?"

"मान पुढे काढली."

"किती?"

"दोन बोटं."

अण्णांनी डोळे मिटले.

"पण दुसऱ्या फेरीपासून जमलं," ती सांगत होती. शेजारी उभी असल्यासारखं भरभर बोलत होती. "बाकीच्यांचे माऊंट सरकले अण्णा, दोघांना तर मध्येच सोडून द्यावं लागलं. माझा केसभर हलला नाही. पहिली फेरी सोडली तर मी चौथी आहे. सरांनी सांगितलं, निवडीच्या तारखा आता पुढच्या वर्षी, पण सराव आत्तापासून. मी तिथल्या कुणाला स्क्रूला हात लावू दिला नाही. सोमवारी रायफल घेऊन बसने येते. एकटी येते. चालेल ना?"

"सरी," अण्णा म्हणाले. फोन तिकडूनच बंद झाला.

त्यांनी फोन अक्कांच्या हातात दिला. नंतर माझ्याकडे वळून, आम्ही दोघींनी काहीच ऐकलं नसावं अशा थाटात, त्यांनी मला बातमी दिली.

"सोमवारी येते म्हणाली. स्वतः."